आब्लो, आब्लास, आब्ला

रबाळ्याहून ठाण्याची लोकल पकडली, की मी वहीतलं एक पान उघडते. पानावर स्पॅनिशमधली तीन क्रियापदं आहेत: 'आब्लार' म्हणजे बोलणं, 'कोमेर' म्हणजे खाणं, 'बिबिर' म्हणजे जगणं, राहणं. त्यांची वर्तमानकाळातली रूपं पुटपुटत जाते. ऐरोलीपर्यंत पहिलं, दिघा गावापर्यंत दुसरं, ठाण्यापर्यंत तिसरं. पाठांतरासाठी घेतलेलं हे पान आता मी कवितेसारखं वाचते.

आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. शेवटचा 'आर' गळतो आणि त्याच्या जागी सहा प्रत्यय येतात, सहाही निराळे. म्हणून 'मी', 'तू' हे शब्द तिथे बहुधा उच्चारावेच लागत नाहीत. मराठीतही 'येतोस का?' म्हणताना 'तू' लागत नाही. पण आपल्या 'बोलतो'मध्ये मी, तो आणि आम्ही असे तिघं मावतात. मात्र मी 'बोलते' म्हटलं, की बोलणारी बाई आहे हे कळतं. 'आब्लो' म्हणणारा पुरुष की स्त्री, ते कळत नाही.

शाळेत 'पठामि, पठसि, पठति' घोकलेल्या कानाला इथे ओळखीचा सूर लागतो. 'पठसि'तला 'स' 'आब्लास'मध्ये आहे, आपल्या 'बोलतोस'मध्येही आहे. 'पठामः'च्या विसर्गामागचा 'स' 'आब्लामोस'मध्ये स्पष्ट ऐकू येतो आणि 'पठन्ति'चा 'न' 'आब्लान'मध्ये. स्पॅनिश लॅटिनची लेक, मराठी संस्कृतच्या घरातली. दोन्हींचं भाषाकुळ एकच. 'बिबिर' आणि आपला 'जीव' यांचं तर मूळही एक.

पानावरची सर्वांत सुंदर जागा 'बिबिर'मध्ये आहे. बिबो, बिबेस, बिबे, बिबेन ही रूपं 'कोमेर'च्याच वळणावर जातात: कोमो, कोमेस, कोमे, कोमेन. फरक फक्त 'आम्ही' आणि 'तुम्ही'मध्ये: कोमेमोस, पण बिबिमोस, कोमेइस, पण बिबीस. एरवी आघात धातूवर असतो, या दोन रूपांत तो प्रत्ययावर सरकतो. नेमका तिथेच 'बिबिर' आपला 'इ' राखतो. जिथे आवाजाचा जोर, तिथे मूळ स्वर टिकलेला.

आदरार्थी 'उस्तेद' हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून घडला, म्हणून त्याला तृतीयपुरुषी रूप लागतं: 'उस्तेद आब्ला'. समोरच्यालाच 'सरकार काय म्हणतात?' असं विचारणाऱ्या मराठी माणसाला ही अदब समजावून सांगावी लागत नाही.

नियमित क्रियापदं ही पहिली पायरी म्हणून घाईने ओलांडली जातात. स्पॅनिश शिकायला बसाल, तेव्हा या अठरा रूपांपाशी थांबा. ती नुसती डोळ्यांनी वाचू नका. पाढ्यांसारखी मोठ्याने, आघातासकट म्हणा.