निमंत्रण टिकवणारी माणसं

अभिव्यक्तीचा लढा म्हटलं की आपल्याला एकटा लेखक किंवा कोर्टातला वकील आठवतो. पण हा लढा कधीकधी साध्या निमंत्रणावर जिंकला किंवा हरला जातो. एका वर्षाच्या अंतराने झालेली दोन साहित्य संमेलनं शेजारी ठेवून बघा.

जानेवारी २०१९, यवतमाळ. उद्घाटनासाठी बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आयोजकांनीच मागे घेतलं. आंदोलनाच्या इशाऱ्यानंतर संमेलन उधळेल, अशी भीती होती. त्यांचं भाषण नंतर छापून आलं, लोकांनी वाचलंही. शब्द वाचले, व्यासपीठाची मात्र लाज गेली.

जानेवारी २०२०, उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. यजमान मराठवाडा साहित्य परिषदेची स्थानिक शाखा. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या धर्मावरून विरोध झाला, धमक्या आल्या. उद्घाटक ना. धों. महानोरांनी जाऊ नये म्हणूनही दबाव आला. तरी महानोर आले, दिब्रिटो बोलले.

दिब्रिटोंवर टीका करण्याचा हक्क विरोधकांनाही होताच. पण टीका वक्त्याला उत्तर देते, धमकी त्याला येऊच देत नाही. संस्थेला हा फरक कळला पाहिजे.

उद्या ईटच्या एखाद्या वाचनालयाने किंवा कॉलेजच्या मंडळाने न पटणारा वक्ता बोलावला आणि फोन खणखणू लागले, तर? घटनेतलं कलम १९ तेव्हा दिल्लीत नसतं. फोन उचलणाऱ्या कार्यकर्त्याच्या उत्तरात असतं.