टिकलेली खुर्ची, हरवलेला मालक

१९५०च्या दशकात ल कॉर्ब्युझिएचे चुलतभाऊ पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या घडल्या. उलट्या ‘व्ही’सारखे पाय, स्थानिक सुतारांना जमणारी घडण, फाटल्यास पुन्हा विणता येणारी बैठक. या साधेपणातच दुरुस्तीची सोय होती. तरीही कित्येक खुर्च्या भंगारात निघाल्या आणि पुढे परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या. याला अभिरुचीचा विजय म्हणणे मला पटत नाही. कारकुनाच्या रोजच्या बसण्यासाठी घडलेली वस्तू संग्राहकाच्या दिवाणखान्यात गेली, की तिचा साधेपणा केवळ शोभेचा उरतो. टिकाऊपणा निम्माच लाकडात असतो. उरलेला निम्मा वेत पुन्हा विणून घेणाऱ्या मालकात. चंडीगडमध्ये सागवान टिकले, मालक टिकला नाही.