साठीच्या आतल्या इमारती

केंद्र सरकारचा माणूस साठीला पोचला की त्याला हार घालून घरी पाठवतात. इमारतीचं मात्र उलटं असतं. तिला हार हवा असेल तर साठीपर्यंत जगून दाखवावं लागतं. अधल्यामधल्या वयात गाठ पडते ती बुलडोझरशी.

दिल्लीच्या प्रगती मैदानावरच्या ‘हॉल ऑफ नेशन्स’चं हेच झालं. स्वातंत्र्याची २५ वर्षं साजरी करताना १९७२ साली तिथे ‘एशिया ७२’ हे व्यापारी प्रदर्शन भरलं, त्यासाठी ही वास्तू उभी केली. वास्तुविशारद राज रेवाल, इंजिनीयर महेंद्र राज. आत एकही खांब नाही, वर नुसती त्रिकोणांची जाळी. अशी जाळी एरवी पोलादाची करतात. पण पोलाद महाग पडणार आणि मजुरांना तोटा नाही! मग अख्खी जाळी काँक्रीटची, जागच्या जागी हातांनी ओतलेली. घरात तूप-साखर नसताना एखाद्या सुगरणीने गूळ-शेंगदाण्यांवर पंगत जिंकावी, तशातला प्रकार.

पण खाणाऱ्यांना त्याचं काय? दिल्लीत नोकरी केलेले आमचे एक मेव्हणे तिथे दरवर्षी जत्रेला जायचे. त्यांना गर्दी आठवते, लोणच्यांचे स्टॉल आठवतात. इमारतीबद्दल विचारलं तर म्हणतात, “ती होय? अहो, गिलाव्यापर्यंत पैसेच पुरले नसणार!” मी त्यांना दोष देत नाही. छप्पर गळायला लागल्याशिवाय माणूस वर बघतो कुठे? आणि उघडं काँक्रीट म्हणजे दारिद्र्य नव्हे, हे त्यांना समजावून सांगायला वास्तुविशारद मंडळी तरी कुठे आली होती?

तज्ज्ञांच्या समितीने मात्र नियमावर बोट ठेवलं. वारसा म्हणायला वय ६० हवं; हिचं ४५. पॅरिस-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांतून विनवण्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत सगळं भुईसपाट. त्याच मैदानात २०२३ साली ‘भारत मंडपम’ थाटात उघडला.

आता आमच्या मुंबईतलं पाहा. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाकाठच्या गोल सज्जांच्या आर्ट डेको इमारती १९३०च्या आसपास निघालेली नवी टूमच की! २०१८ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. टिकल्या म्हणून जुन्या झाल्या, आणि जुन्या झाल्या म्हणून आपल्याला आवडू लागल्या.

सिमेंटचा प्रत्येक ठोकळा जपा, असं माझं म्हणणं नाही. काही ठोकळे जन्मतःच पाडण्याच्या लायकीचे असतात. पण जन्मदाखला मागण्यापूर्वी एकदा मान वर करून बघावं की नाही?

“अहो, फोटो आहेत ना!” असं मेव्हणे म्हणतात. आहेत की. पण फोटोतल्या छपराखाली उभं राहता येत नाही.