आश्रयाची कथा आणि निवेदकाचे स्थान

युद्धसाहित्याची चर्चा बहुधा रणभूमीच्या अनुषंगाने होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्यापलेल्या फ्रान्स, बेल्जियम व हॉलंड या देशांत मात्र युद्धाचे एक क्षेत्र घराच्या चार भिंतींत होते. विमान पाडले गेल्यावर हवाईछत्रीने उतरलेल्या दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना तेथील शेतकरी, शिक्षक, दुकानदार अशा सामान्य कुटुंबांनी आश्रय दिला, नागरी कपडे व बनावट ओळखपत्रे दिली आणि पुढच्या घरी पोचवले. या अनुभवातून कादंबऱ्या, आठवणी, चरित्रे व चित्रपट असे विपुल कथन निर्माण झाले. त्यातील धैर्याचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु ही कथा कोण सांगतो आणि कोठून सांगतो, हा कथनमीमांसेचा प्राथमिक प्रश्न त्या कौतुकाखाली दबून गेला आहे.

या कथनाच्या मुळाशी एक शासकीय संहिता आहे. फ्रान्समधील जर्मन लष्करी प्रशासनाने २२ सप्टेंबर १९४१ रोजी भित्तिपत्रक काढून जाहीर केले, की शत्रूच्या वैमानिकाला मदत करणाऱ्या पुरुषाला तत्काळ गोळ्या घालण्यात येतील आणि स्त्रीला जर्मनीतील छळछावणीत पाठवण्यात येईल. वैमानिकाला पकडून देणाऱ्यास दहा हजार फ्रँकपर्यंत बक्षीस होते. शिक्षेची ही लिंगनिहाय विभागणी बोलकी आहे. हुकूमनामा व्यक्तीला उद्देशून बोलतो. आश्रय ही मात्र व्यक्तीची कृती असूच शकत नाही. मोजक्या शिधापत्रिकांवर एक जास्तीचे तोंड जगवायचे, वाळत घातलेल्या कपड्यांची संख्या शेजाऱ्याच्या नजरेत येऊ द्यायची नाही, शाळेत जाणाऱ्या मुलाला गप्प राहायला शिकवायचे, या सगळ्यांत अख्खे घर गुंतलेले असते. ज्याला कायदा 'मदत' म्हणतो, ती घराच्या दृष्टीने एक दिनचर्या असते, आणि तिचा मोठा भार स्त्रियांवर पडतो.

दिनचर्येला कथानक नसते. कथानक असते ते प्रवासाला, आणि प्रवास वैमानिकाचा असतो. तो येतो, लपतो, निघतो, सीमा ओलांडतो; आरंभ, मध्य व अंत त्याच्याच वाट्याला येतात. याला लेखनव्यवहाराचीही जोड आहे. यजमानाने काहीही लिहून ठेवायचे नाही, हा सुरक्षिततेचा पहिला नियम होता, कारण लिहिलेला कागद हाच पुरावा ठरे. उलट परतलेल्या वैमानिकाचा जबाब ब्रिटिशांच्या एमआय-९ या विभागाने व त्याच्या अमेरिकन समकक्ष विभागाने रीतसर नोंदवून घेतला. युद्धोत्तर काळात पॅरिस, ब्रुसेल्स येथे कार्यालये उघडून साहाय्यकांचा शोध घेण्यात आला आणि त्यांना आयझेनहॉवर किंवा टेडर यांच्या सहीची प्रशस्तिपत्रके देण्यात आली. म्हणजे पाहुण्याचा अनुभव वृत्तांत म्हणून प्रथम शब्दबद्ध झाला, तर यजमानाचा अनुभव दफ्तरातील एक प्रकरण म्हणून. वाङ्मयप्रकारांतील हा भेद पुढील साहित्याने बव्हंशी निमूटपणे स्वीकारलेला दिसतो.

एच. ई. बेट्स यांची 'फेअर स्टुड द विंड फॉर फ्रान्स' ही १९४४ ची कादंबरी याचे ठळक उदाहरण होय. बेट्स यांची ब्रिटिश हवाई दलात नेमणूकच लेखनासाठी झाली होती आणि 'फ्लाइंग ऑफिसर एक्स' या टोपणनावाने त्यांनी वैमानिकांच्या कथा लिहिल्या होत्या. या कादंबरीत जखमी वैमानिक फ्रँकलिन याला फ्रान्समधील एका गिरणीघरात आश्रय मिळतो. निवेदन तृतीयपुरुषी असले तरी दृष्टिकेंद्र फ्रँकलिनच आहे. घर दिसते ते त्याच्या ज्वराच्या ग्लानीतून, आणि घरातील माणसांची भीती त्याच्या कानावर येईल तेवढीच वाचकाला कळते. गिरणीवाल्याच्या मुलीशी, फ्रान्स्वाझशी, त्याचे प्रेम जुळते व ती त्याच्यासह निघते. पाहुणा गेल्यानंतर यजमानाचे काय होते, हा आश्रयकथेतील सर्वांत अवघड प्रश्न. कादंबरी त्याला प्रेमकथेच्या वाटेने वळसा घालते. यजमानांपैकी एकीला पाहुण्याबरोबर बाहेर काढले, की मागे राहिलेल्यांकडे पाठ फिरवणे वाचकाला सोपे जाते. बेट्स यांच्या गद्याचा संयम मान्य करूनही ही मर्यादा नोंदवावी लागते.

याच्या विरुद्ध टोकाला व्हेरकॉर यांची १९४२ मध्ये गुप्तपणे छापलेली दीर्घकथा 'ल सिलांस द ला मेर' उभी आहे. तेथे पाहुणा लादलेला आहे, तो जर्मन अधिकारी आहे, आणि निवेदक आहे स्वतः यजमान. वृद्ध काका व त्याची पुतणी त्या अधिकाऱ्याशी बोलत नाहीत. मौन हाच प्रतिकार होतो. या कथेतील मौन त्याच मौनाला उद्देशून असते. अधिकाऱ्याला ते ऐकू येते. वैमानिकाला लपवणाऱ्या घराचे मौन मात्र तिसऱ्याने ऐकू नये यासाठी असते, म्हणून ते मौन आहे हेच कुणाला जाणवता कामा नये. पहिल्या मौनातून कथा निर्माण होऊ शकते. दुसरे कथेलाच नाकारते.

आतिथ्याच्या तत्त्वचिंतनालाही येथे अडचण येते. फ्रेंच 'ओत' हा शब्द यजमान व पाहुणा या दोघांनाही लागू पडतो. निरपेक्ष आतिथ्य नाव न विचारता दार उघडते, असे देरिदा यांचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रतिपादन आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, ही आपल्याकडील रूढ व्युत्पत्तीही त्याच दिशेची. परंतु नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रुसेल्समधील एका कुटुंबाच्या दारात आलेले दोन 'अमेरिकन वैमानिक' जर्मन हेर निघाले आणि ते घर उद्ध्वस्त झाले. अशा स्थितीत यजमानाला पाहुण्याची कसून उलटतपासणी करावी लागे, आणि स्वतःचे नाव मात्र त्याला सांगायचे नसे. सापेक्ष व निरपेक्ष आतिथ्याची सरळ विभागणी येथे टिकत नाही. संशय घेणे हाच पुढच्या अतिथीसाठी दार उघडे ठेवण्याचा मार्ग ठरतो.

एअरी नीव्ह यांचे 'लिटल सायक्लोन' (१९५४) हे पुस्तक केंद्र बदलते. ब्रुसेल्सपासून पिरेनीज पर्वतापलीकडे स्पेनपर्यंत जाणारी 'कॉमेट' वाट उभारणारी आंद्रे द जाँग ही त्याची नायिका. स्वतः कोल्डिट्झमधून निसटलेले व एमआय-९ मध्ये काम केलेले नीव्ह साहाय्यकाला नायकत्व देतात, हे मोलाचे आहे. तरीही नायकत्व मिळते ते चालणाऱ्या व्यक्तीलाच. जानेवारी १९४३ मध्ये द जाँग पकडली गेली ती सीमेजवळच्या युरुन्य येथील एका शेतघरात. ती छावण्यांतून वाचली व २००७ पर्यंत जगली. त्या घराची मालकीण फ्रांत्शिया उसांदिसागा १९४५ मध्ये रावेन्सब्रुक येथे मरण पावली. पर्वत ओलांडणाऱ्यांच्या कथेत तिचे घर हा शेवटचा मुक्काम असतो. तिच्या कथेत ते मुक्कामाचे ठिकाण नव्हते, घर होते.

यावर असा आक्षेप घेता येईल, की यजमानांनी मौन स्वेच्छेने पाळले आणि समीक्षेने ते मोडू नये. आक्षेपात तथ्य आहे. त्या मौनाच्या जागी कल्पित स्वगत घालणे हा उपाय नव्हे. परंतु मौनाचा आदर करणे आणि मौन लक्षातच न घेणे यांत अंतर आहे. आश्रयकथेच्या वाचनात वैमानिक निघून गेल्यानंतर दार कोणी लावून घेतले, याची नोंद संहिता ठेवते की नाही, हे पाहणे समीक्षेचे किमान कर्तव्य ठरते.