कडेचा माणूस

आमच्या महाविद्यालयात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी फ्रेंच चित्रकार वातोवर व्याख्यान दिले. विषय होता ‘निखळ आनंद’. बागा, रेशमी झगे, वाद्ये, नाचणारी जोडपी. १७१७ साली पॅरिसच्या अकादमीने वातोला सदस्य करून घेताना त्याच्या चित्राची नोंद ‘फेत गालांत’ अशी केली; खानदानी स्त्री-पुरुषांची उपवनातील मौज असा त्याचा भावार्थ. पुढे ती एक परंपराच झाली. विद्यार्थी भारावले. मी मात्र एकाच चित्रापाशी अडकलो.

‘ले शार्म द ला वी’ हे ते चित्र लंडनच्या वॉलेस संग्रहात आहे. एकजण थिऑर्बो हे लांब मानेचे तंतुवाद्य जुळवतो आहे. कडेला एक काळा पोरगा, दारूच्या बाटल्या गार करणारा. पुढ्यातला कुत्रा रूबेन्सच्या चित्रावरून घेतला आहे, हे सहकाऱ्यांनी आवर्जून सांगितले. पोराबद्दल अवाक्षर नाही! आमच्या घरात मी पहिला पदवीधर. दुसऱ्यांच्या लग्नात माझी आई भांडी घासायची. मांडवाच्या मागची बाजू मला आधी दिसते, त्याला माझा इलाज नाही.

या बागांबाहेर काय चालले होते? वसाहतींतील गुलामांना जंगम मालमत्ता ठरवणारा ‘कोड न्वार’ १६८५ सालचा. १७०९ च्या हिवाळ्यात पिके गोठली आणि दुष्काळात फ्रान्समध्ये लाखो माणसे मेली. तेव्हा वातो पॅरिसमध्येच होता. पुढे लांक्रेने रंगवलेली कामार्गो बागेत नाचते. पण ती ऑपेरातली व्यावसायिक नर्तिका. नाच हा तिचा विरंगुळा नव्हे, तिचे काम होते.

एवढ्यावरून वातोला मोडीत काढावे, असे मी म्हणत नाही. तो स्वतः छपरे घालणाऱ्या कारागिराचा मुलगा, छत्तिसाव्या वर्षी गेला. लूव्हरमध्ये त्याचे एक रेखाटन आहे: एकाच काळ्या तरुणाचे तीन चेहरे, लाल, काळ्या आणि पांढऱ्या खडूने काढलेले. कातडीवरचा उजेड, नजर, मान वळवण्याची ढब, कशातही कसूर नाही. कागदावर त्याने माणूस पाहिला. कॅनव्हासवर त्याच माणसाला बाटल्यांपाशी बसवले. सौंदर्यवादी समीक्षेने ही फारकत तपासायला हवी होती. ती कुत्र्याचे मूळ शोधत बसली.

पुढल्या सत्रात हा भाग माझ्याकडे आहे. त्या तीन चेहऱ्यांपासून सुरुवात करणार आहे.