तीन तासांचा निरोप

नातवाच्या हट्टापायी २०१९ साली अश्दोदला 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' पाहिला, असे मी मैत्रिणींना सांगते. खरे म्हणजे हट्ट माझाच होता. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून मी या मंडळींची चाहती आहे.

रूसो बंधूंचा हा चित्रपट १८१ मिनिटांचा. निम्मी जीवसृष्टी नाहीशी होऊन पाच वर्षे लोटली आहेत, आणि कॅप्टन अमेरिका गोलाकार खुर्च्या मांडून मागे राहिलेल्यांचे ऐकत बसला आहे. हाणामारी नाही, काही नाही. जन्मभर नर्सचे काम केले, नातेवाईक असेच बसलेले पाहिले. मला हाच प्रसंग सर्वांत खरा वाटला. (मार्च १९४१ च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावणारा हा कॅप्टन ज्यो सायमन व जॅक कर्बी या यहुदी तरुणांची निर्मिती, हे नातवाला मीच सांगितले.)

थॉरचे मात्र पटले नाही. आई, बाप, भाऊ गमावलेला माणूस दारूत बुडतो, आणि त्याच्या सुटलेल्या पोटावर विनोद! सारे हसले. मी असे रोगी पाहिले आहेत.

काळात मागे जाण्याची भानगड नातवाने दोनदा समजावली, सोडून देऊ.

शेवटी टोनी स्टार्क भाजून पडतो. त्याची बायको त्याला सांगते, आमची काळजी करू नकोस, आता विसावा घे. कित्येक बायकांना त्या घडीला हे सुचत नाही. मग त्या मला विचारीत, "अहोत, मी काही बोललेच नाही, त्यांना कळले असेल ना?"

नातवाला मी रुमाल दिला. माझ्यासाठी दुसरा आणला होता.