‘व्यायाम’, ‘कष्ट’ आणि वृद्धांची झोप

स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी १९९७ साली ५० ते ७६ वर्षे वयाच्या ४३ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. १६ आठवडे नियमित, मध्यम व्यायाम करणाऱ्यांनी झोप लवकर लागते व अधिक काळ टिकते, असे सांगितले. परंतु या सर्व व्यक्ती बैठे जीवन जगणाऱ्या होत्या, हे विसरता कामा नये. अकोले तालुक्यातील राजूरच्या परिसरात भातखाचरात राबणाऱ्या वृद्धेस ‘व्यायाम करता का?’ असे विचारल्यास ती ‘नाही’ म्हणेल, आणि प्रश्नावलीत तिची गणना बैठ्यांत होईल. मराठीत ‘व्यायाम’ शरीरासाठी हेतुपुरस्सर केला जातो; ‘कष्ट’ पोटासाठी उपसले जातात. म्हणून येथील अभ्यासकाने प्रश्नावलीचे केवळ भाषांतर न करता दोहोंविषयी स्वतंत्र प्रश्न विचारावेत. अन्यथा निष्कर्ष ग्राह्य ठरणार नाही.